मोल नसलेल्या मोलकरणी

१/ ‘चोर आणि वेश्यांनी वसवलेला देश’ हे ऑस्ट्रेलियाचे वर्णन समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. सोबत एखाद्या शिडाच्या जहाजाचे चित्र असते, दोन-तीन चविष्ट किस्से असतात आणि खाली हसणाऱ्यांची रांग असते. या वर्णनातला दुसरा शब्द निखालस चुकीचा आहे. ब्रिटिश कायद्यात वेश्याव्यवसाय हा सागरपार हद्दपारीचा गुन्हा नव्हताच. त्या गुन्ह्यासाठी एकाही स्त्रीला ऑस्ट्रेलियाची शिक्षा सुनावली गेली नाही. तरीही हा शब्द दोनशे वर्षे टिकून आहे. तो प्रथम कोणी लिहिला आणि तो लिहिण्यात त्याचा काय फायदा होता, याचा हा थ्रेड.

२/ आधी आकडे. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या न्यू साउथ वेल्समध्ये आणि निम्म्या व्हॅन डायमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, उतरवल्या गेल्या. स्त्री-कैद्यांचे शेवटचे जहाज १८५३ मध्ये होबार्टला लागले.

बहुतेकींचा गुन्हा चोरीचा. कापडाचा तागा, चादर, शाल, चमचे, थोडी नाणी. अनेकदा ही चोरी ज्या घरी त्या कामाला होत्या त्याच घरातली. शिक्षा बहुधा सात वर्षे. काहींना चौदा, काहींना जन्मभर. मात्र सात वर्षे संपल्यावर परतीचे भाडे सरकार देत नसे. पुरुष निदान खलाशी म्हणून एखाद्या जहाजावर काम मिळवून परतू शके. स्त्रीला तीही वाट नव्हती. कागदावर सात वर्षांची असलेली शिक्षा तिच्यासाठी व्यवहारात आयुष्यभराचीच ठरे.

३/ ‘काळे पाणी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अंदमानचे सेल्युलर जेल, कोलू आणि राजकीय कैदी उभे राहतात. सावरकरांच्या आठवणींनी ते चित्र पक्के केले आहे आणि ते खरेच आहे. परंतु त्या चित्रात स्त्री नाही. १८५८ नंतर अंदमानातही स्त्री-कैदी नेल्या गेल्या आणि वसाहत वसवण्यासाठी त्यांच्या लग्नांचा हिशेब मांडला गेला, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ज्या साम्राज्याने हे केले त्याने त्याचा सराव आधीच दक्षिण गोलार्धात करून घेतला होता. म्हणून हा विषय परका समजून सोडून देता येत नाही.

४/ आता मुख्य मुद्दा. या स्त्रियांपैकी फार मोठ्या संख्येचे वसाहतीतले आयुष्य तुरुंगाच्या गजांआड गेले नाही. ते स्वयंपाकघरात गेले. सरकार त्यांना खाजगी घरांत नोकर म्हणून नेमून देई. या पद्धतीला असाइनमेंट म्हणत. वसाहतकऱ्याने अर्ज करायचा, सरकारने बाई द्यायची. मालकाने तिला अन्न, कपडे आणि अंथरूण द्यायचे. व्हॅन डायमेन्स लँडमध्ये पगार देण्याचे बंधन मालकावर नव्हते.

मराठीत मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. या स्त्रियांना मोल नव्हते, काम मात्र होते: पहाटे चूल पेटवणे, पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे, इस्त्री, शिवण, दूध काढणे, मालकिणीची मुले सांभाळणे. काम नको असेल तर सोडून जाण्याचा अधिकार तिला नव्हता. मालकाला मात्र ती नको असेल तर परत पाठवण्याचा अधिकार होता. हा एकतर्फी व्यवहार ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काहीही समजणार नाही.

५/ होबार्टच्या बंदरात जहाज लागले की कारकून नोंदवही घेऊन येई. नाव, वय, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. गुन्हा काय, शिक्षा किती, कुटुंब कुठे. आणि एक रकाना कौशल्याचा: स्वयंपाकीण, घरकाम, धुणे, शिवणकाम, दूधकाम.

याच नोंदींनी पुढे इतिहासकारांचे डोळे उघडले. १९९६ मध्ये डेबोरा ऑक्सली यांनी १८२६ ते १८४० या काळात न्यू साउथ वेल्समध्ये आलेल्या ६,८७६ स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या. त्यांतून समोर आल्या त्या कामाचा अनुभव असलेल्या तरुण श्रमिक स्त्रिया. ज्या कौशल्यांची वसाहतीला नितांत गरज होती नेमकी तीच कौशल्ये त्यांच्या हातात होती. बहुतेकींची ती पहिलीच नोंदलेली शिक्षा होती. ‘सराईत गुन्हेगार वर्ग’ या शब्दाला त्या कागदांत आधार सापडत नाही.

६/ मग बदनामी आली कुठून? तीन पुरुषांची साक्ष तपासू. तिघेही त्या काळचे, तिघांचीही वाक्ये पुढच्या पिढ्यांनी प्रमाण मानली.

पहिला राल्फ क्लार्क, पहिल्या ताफ्यातला नौसैनिक अधिकारी. ‘फ्रेंडशिप’ जहाजावर लिहिलेल्या त्याच्या रोजनिशीत स्त्री-कैद्यांना शिव्यांची लाखोली आहे आणि इंग्लंडात राहिलेल्या पत्नीविषयी भक्तिभाव आहे. पुढे नॉरफॉक बेटावर हाच क्लार्क मेरी ब्रॅनहॅम नावाच्या कैदी स्त्रीबरोबर राहिला. १७९१ मध्ये तिला त्याच्यापासून मुलगी झाली. मुलीचे नाव ॲलिशिया ठेवले गेले. क्लार्कच्या पत्नीच्या नावातही ॲलिशिया होते. रोजनिशीतल्या शिव्या इतिहासाच्या पुस्तकांत आल्या. मेरी ब्रॅनहॅमने रोजनिशी लिहिली नाही.

७/ दुसरा सॅम्युअल मार्सडेन, वसाहतीचा पाद्री. तो मॅजिस्ट्रेटही होता आणि मोठा जमीनदारही. फटक्यांच्या शिक्षांच्या हौसेमुळे त्याला ‘फटके मारणारा पाद्री’ असे टोपणनाव पडले होते. १८०६ मध्ये त्याने वसाहतीतल्या स्त्रियांची यादी केली. यादीत रकाने दोनच: ‘विवाहित’ आणि ‘रखेल’.

विवाहित कोण? ज्यांचे लग्न इंग्लंडच्या चर्चच्या विधीने झाले त्याच. कॅथलिक पद्धतीने लग्न केलेली आयरिश स्त्री रखेल. ज्यू विधीने लग्न केलेली रखेल. एकाच पुरुषाबरोबर वर्षानुवर्षे संसार करून मुले वाढवणारी रखेल. एकटी राहणारी, तिला तिसरा रकाना नाही म्हणून तीही रखेल. अशा रीतीने १,४३० स्त्रियांपैकी ३९५ विवाहित आणि १,०३५ रखेल निघाल्या. ही यादी लंडनला पोचली आणि वसाहतीच्या नैतिक अध:पाताचा पुरावा ठरली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा आकडा पाठ करण्यापूर्वी रकान्यांची नावे वाचावीत. आकडा खोटा नसेलही. खोट आहे ती रकाना आखणाऱ्या हातात.

८/ तिसरा जेम्स मूडी, न्यू साउथ वेल्समधला जमीनदार. १८३७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या हद्दपारीविषयक समितीपुढे त्याने साक्ष दिली. समितीचे अध्यक्ष सर विल्यम मोल्सवर्थ. कैदी स्त्रिया सगळ्याच दारू पितात, सगळ्याच वेश्या आहेत, अशा आशयाचे त्याचे म्हणणे समितीच्या कागदपत्रांत नोंदले गेले आणि तिथून पुस्तकांत उतरले.

हा साक्षीदार कोण होता? १८३३ मध्ये त्याच्या कॅसल फोर्ब्स या जमिनीवरच्या कैदी नोकरांनी छळाला कंटाळून बंड केले होते. त्यानंतरच्या वादंगात त्याची पत घसरली आणि पुढे मॅजिस्ट्रेटांच्या यादीतून त्याचे नाव गळले. इंग्लंडला परतून त्याने कैद्यांविरुद्ध एक पुस्तकच लिहिले. ज्याच्याविरुद्ध नोकर उठले त्या मालकाला नोकरांच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र लिहायला सांगावे आणि ते इतिहास म्हणून छापावे, असा हा प्रकार आहे.

९/ खेदाची गोष्ट अशी की विसाव्या शतकातल्या व्यावसायिक इतिहासकारांनीही ही प्रमाणपत्रे फारशी न तपासता पुढे सरकवली. साठच्या दशकात लॉइड रॉबसन आणि ए. जी. एल. शॉ यांची हद्दपारीवरची महत्त्वाची पुस्तके आली. पुरुष कैद्यांच्या गुन्ह्यांची, पार्श्वभूमीची, श्रमांची त्यांत बारकाईने छाननी आहे. स्त्रियांपाशी आले की मोजदाद थांबते आणि नैतिक शेरे सुरू होतात. १९७५ मध्ये ॲन समर्स यांच्या पुस्तकाने या सवयीवर उघड हल्ला चढवला. त्यानंतर पोर्शिया रॉबिन्सन, के डॅनियल्स, जॉय डमूसी आणि ऑक्सली यांच्या कामातून चित्र पालटत गेले. म्हणजे अभ्यासकांनी ही समजूत मोडीत काढून तीस वर्षे होत आली. लोकप्रिय पोस्ट अजून मूडीच्या साक्षीवरच चालतात.

१०/ ‘लेडी ज्युलियाना’चे नाव या ठिकाणी हमखास येते. १७८९ मध्ये निघून जून १७९० मध्ये सिडनीला पोचलेले, दोनशेहून अधिक स्त्री-कैद्यांचे जहाज. ‘तरंगता कुंटणखाना’ हे त्याचे बिरुद २००१ च्या एका खपाऊ पुस्तकाचे शीर्षकही झाले. जहाजावरचा कर्मचारी जॉन निकोल याने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी १८२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. समुद्रावर पडताच प्रत्येक खलाशाने कैद्यांतून एकेक ‘बायको’ घेतली, असे तो सांगतो. स्वत: त्याने सारा व्हिटलॅम निवडली. तिच्या पायातली बेडी त्यानेच ऐरणीवर तोडली आणि त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडला.

किस्सा गोड आहे. परंतु या गोष्टीत हातोडा कोणाच्या हातात आहे आणि बेडी कोणाच्या पायात, हे पाहिले तर ‘निवड’ या शब्दाचा अर्थ बदलतो. प्रवासात साराला मुलगा झाला. जहाज निकोलला घेऊन पुढे निघून गेले आणि साराने लगेच दुसऱ्याशी लग्न केले. निकोल पुढे अनेक वर्षे तिच्याकडे परतण्याची धडपड करत राहिला म्हणून वाचक हळहळतात आणि साराला दोष देतात. १७९० ची सिडनी त्यांना आठवत नाही. तेव्हा वसाहत उपासमारीच्या काठावर होती, शिधा कापला गेला होता, ‘सिरियस’ हे महत्त्वाचे जहाज नुकतेच नॉरफॉक बेटाजवळ फुटले होते. तान्ह्या मुलासह उतरलेल्या कैदी स्त्रीला नवरा म्हणजे छप्पर आणि अन्न. तिने वाट पाहावी अशी अपेक्षा आजचा भरपेट वाचकच करू शकतो.

११/ नेमणुकीच्या घरांकडे परत येऊ. तिथे मालक-मालकिणीच्या तक्रारीवरून मॅजिस्ट्रेट शिक्षा देई आणि ती शिक्षा तिच्या वर्तननोंदीत चढे. टास्मानियातल्या या वह्या आजही जपलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कैदी-नोंदी २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत समाविष्ट झाल्या. पानामागून पान उलटावे तर गुन्हे हेच: उद्धटपणा. हुकूम न मानणे. काम करण्यास नकार. परवानगीविना गैरहजर. रात्री उशिरापर्यंत बाहेर. दारू पिणे. पळून जाणे.

या यादीकडे पुन्हा पाहावे. यातला कोणता गुन्हा स्वतंत्र नोकराच्या बाबतीत गुन्हा ठरला असता? फार तर नोकरी गेली असती. ‘उद्धटपणा’ म्हणजे मालकिणीला उलट उत्तर. ‘गैरहजर’ म्हणजे संध्याकाळी घराबाहेर पडणे. कामगार हक्काने मागतो त्या गोष्टी, म्हणजे विश्रांती, सन्मान आणि नको त्या मालकाला सोडण्याची मुभा, इथे फौजदारी कलमे झाल्या होत्या. ज्याला स्त्रियांच्या दुर्वर्तनाचा पुरावा म्हणून दाखवले जाते ती वही खरे तर कामाच्या जागेवरच्या भांडणांची वही आहे. फक्त लिहिणारा एकाच पक्षाचा आहे.

१२/ तक्रार उलट दिशेने करता येई का? कायद्याने येई. कैदी स्त्री मॅजिस्ट्रेटकडे मालकाविरुद्ध जाऊ शके. पण मॅजिस्ट्रेट बहुधा त्याच जिल्ह्यातला जमीनदार, त्याच्याही घरी नेमलेले नोकर. मालकाकडून शरीरावर जबरदस्ती झाली तर कैद्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? आणि गर्भ राहिला तर शिक्षा कोणाला होणार, हे ठरलेलेच होते.

१३/ शिक्षेची जागा म्हणजे ‘फीमेल फॅक्टरी’. नाव कारखान्याचे, काम अनेक प्रकारचे: तुरुंग, कामघर, प्रसूतिगृह आणि नोकर पुरवठ्याचे केंद्र, सगळे एकाच भिंतीआड. पॅरामाटाची फॅक्टरी १८२१ मध्ये नव्या इमारतीत गेली. आराखडा फ्रान्सिस ग्रीनवेचा, जो स्वत: हद्दपार कैदी होता. होबार्टजवळची कॅस्केड्स १८२८ मध्ये एका जुन्या दारूभट्टीच्या जागेत सुरू झाली. डोंगराच्या सावलीतली, ओढ्याकाठची, ओलसर जागा. पुढे लॉन्सेस्टन आणि रॉस इथेही अशा संस्था निघाल्या.

आत वर्ग पाडलेले. पहिल्या वर्गातली स्त्री नेमणुकीस पात्र. सर्वांत खालचा ‘गुन्हा वर्ग’. १८२९ च्या नियमांनुसार कॅस्केड्समध्ये या वर्गातल्या स्त्रीच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि घागऱ्याच्या मागच्या बाजूला मोठे पिवळे ‘सी’ अक्षर शिवलेले असे. इस्पितळ, अनाथालय आणि इतर सरकारी संस्थांचे धुणे त्यांच्याकडे येई. थंडीत, गार पाण्यात, दिवसभर. शिवाय एकांतकोठडी, पाव आणि पाण्यावर. आणि केस कापणे. हद्दपार स्त्रियांनी सर्वांत तीव्र प्रतिकार याच शिक्षेला केला, हे अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे.

१४/ तरीही एक गोष्ट अधिकाऱ्यांना सतत खुपत राही: स्त्रिया फॅक्टरीला पुरेशा घाबरत नाहीत. अनेकजणी मुद्दाम उद्धटपणा करून परत येतात. मालक वाईट असेल, काम अमानुष असेल, मालकाची नजर वाईट असेल, तर सुटकेची वाट एकच: इतके बिनसवायचे की त्याने मॅजिस्ट्रेटकडे न्यावे. काही दिवस कोठडी, काही महिने धुणे, मग कदाचित दुसरे, बरे घर.

अधिकाऱ्यांना यात निर्लज्जपणा दिसला. खरे पाहता राजीनामा देण्याचा एवढाच मार्ग त्यांना मोकळा होता आणि त्याची किंमत त्या स्वत:च्या केसांनी व बोटांनी चुकवत होत्या. ज्यांना ‘बेताल’ म्हटले गेले त्यांतल्या कित्येकजणी थंड डोक्याने हिशेब करत होत्या.

१५/ हिशेब कधीकधी सामूहिकही होई. ऑक्टोबर १८२७ मध्ये पॅरामाटाच्या फॅक्टरीत पावाचा आणि साखरेचा शिधा कापला गेला. स्त्रियांनी दरवाजे फोडले, त्या गावात शिरल्या आणि दुकानांतून पाव व मांस उचलले. त्यांना परत आणायला सैनिक धाडावे लागले. काहीजणींना पुढारी म्हणून वेगळे काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा बाकीच्यांनी ठणकावले की शिक्षा व्हायची तर सगळ्यांना होईल. ऑस्ट्रेलियातल्या स्त्री-कामगारांच्या पहिल्या लढ्यांत आज या घटनेची गणना होते. त्या काळच्या वर्तमानपत्राला त्यात मुख्यत: करमणूक दिसली.

१८४२ मध्ये लॉन्सेस्टनच्या फॅक्टरीत कॅथरिन ओवेन्स नावाच्या कैदी स्त्रीला एकांतकोठडीतून सोडवण्यासाठी इतर स्त्रिया उठल्या. हे दंगे म्हणून नोंदले गेले. ‘दंगा’ हा शब्द कोणाचा, हा प्रश्न पुन्हा तोच.

१६/ आता सर्वांत कठीण पान. नेमणुकीवर असताना स्त्री गरोदर राहिली की तिला फॅक्टरीत परत पाठवत. मूल तिथेच जन्मे. ते अंगावरचे दूध सोडेपर्यंत आई त्याच्याजवळ राही. त्यानंतर कॅस्केड्समधला नेम असा की अविवाहित आईला सहा महिने गुन्हा वर्गात पाठवायचे. आई होण्याची शिक्षा! बापाचे नाव विचारले जाई की नाही, सांगितले तर काही होई की नाही, याला तिच्या शिक्षेच्या लेखी महत्त्व नव्हते. तो मालक असला, मालकाचा मुलगा असला, तरी सहा महिने तिचेच.

मूल मागे कोंदट, गर्दीच्या खोल्यांत राही. दोन-तीन वर्षांचे झाले की अनाथालयात, आई जिवंत असताना. कॅस्केड्सच्या त्या खोल्यांत इतकी बाळे दगावू लागली की १८३८ मध्ये चौकशी बसली आणि मुलांना शहरातल्या दुसऱ्या घरात हलवावे लागले. तिथेही मृत्यू थांबले नाहीत.

स्त्री-कैद्यांच्या ‘अनैतिकतेवर’ विनोद करणाऱ्यांनी एकदा या खोल्यांविषयी वाचावे.

१७/ लग्न हा सुटकेचा दुसरा मार्ग मानला जाई. सरकारलाही ते हवे होते. पॅरामाटाच्या फॅक्टरीत वसाहतकरी बायको पाहायला येत. गव्हर्नरची परवानगी लागे. पण लग्नाने शिक्षा संपत नसे. स्वतंत्र पुरुषाशी लग्न केलेल्या कैदी स्त्रीची नेमणूक बहुधा त्याच्याकडेच होई. म्हणजे नवरा कायद्याने तिचा मालक. भांडण झाले, तिने घर सोडले, तर तो मालकाप्रमाणेच मॅजिस्ट्रेटकडे जाऊन तिला फॅक्टरीत पाठवू शके. संसार आणि वेठ यांच्यातली रेघ सरकारी कागदावरच पुसली गेली होती.

१८/ इथवर वाचून काहीजण मेरी रीबीचे नाव घेतील. घ्यावेच. तेरा वर्षांची असताना घोडाचोरीच्या आरोपात सापडलेली, मुलाच्या वेशात पकडली गेलेली मुलगी १७९२ मध्ये सिडनीला उतरली आणि मेजर फ्रान्सिस ग्रोसच्या घरी मुले सांभाळायला नेमली गेली. १७९४ मध्ये थॉमस रीबीशी लग्न झाले, तो १८११ मध्ये वारला, आणि जहाजे, दुकाने, जमिनी सांभाळत ती वसाहतीतली मोठी व्यापारी झाली. आज ती ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे.

तिच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. वाद आहे तो या नोटेच्या वापराविषयी. जुन्या बदनामीला उत्तर म्हणून आता ‘राष्ट्रमाता’ पुढे केली जाते: पाहा, शिक्षेने तिचे भलेच झाले! पंचवीस हजारांतून एक चेहरा काढायचा आणि उरलेल्यांना त्याच्या मागे झाकायचे. वेश्या ही एक कथा होती, उद्योजिका ही दुसरी. दोन्हींत धुण्याच्या टबापाशी उभी असलेली बाई दिसत नाही.

१९/ दोन आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे.

एक: काही स्त्रिया खरोखर देहविक्री करत होत्या, दारू पीत होत्या, चोऱ्या करत होत्या. होय. पगार नाही, संध्याकाळ आपली नाही, जवळ एक पेनी नाही, अशा स्थितीत पैसा मिळवण्याचे मार्ग मोजकेच असतात. त्यांना संत ठरवण्याची गरज नाही. कामगाराला न्याय मागण्यासाठी निष्कलंक असावे लागत नाही.

दोन: इंग्लंडातल्या गरीब स्त्रीपेक्षा वसाहतीत खायला बरे मिळे, अनेकींना मुदतीआधी सवलतीचे परवाने मिळाले, अनेकींनी संसार उभे केले. हेही खरे. पण मांसाचा तुकडा म्हणजे वेतन नव्हे.

याच्या उलट टोकाला जाऊन मोल्सवर्थ समितीप्रमाणे या पद्धतीला सरळ गुलामगिरी म्हणणेही चूक. शिक्षेला मुदत होती, ती मुलांकडे वारशाने जात नव्हती, कैदी कोणाची विकाऊ मालमत्ता नव्हती. त्याच काळात साम्राज्याच्या ऊसमळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी स्त्रियांना यांतले काहीही लाभले नाही. शब्द जपून वापरले तरच दोन्ही अन्याय नीट दिसतात.

२०/ आणखी एक गोष्ट सोडून पुढे जाता येत नाही. ज्या घरांत या मोलकरणी राबत होत्या ती घरे दुसऱ्यांच्या भूमीवर उभी होती. पॅरामाटा दारुग लोकांच्या प्रदेशात. होबार्टच्या आसपास टास्मानियाचे मूळ रहिवासी, ज्यांना १८२० आणि १८३० च्या दशकांत युद्धाने, रोगांनी आणि हद्दपारीने जवळजवळ नामशेष केले गेले. कैदी स्त्रीच्या श्रमावर वसाहतीचा संसार चालला आणि त्या संसारामुळेच तो कब्जा टिकला. तिला तिथे बळजबरीने आणले होते, ही गोष्ट खरी. तिचे पाय मात्र त्याच जमिनीवर होते. तिच्यावरचा अन्याय सांगताना हा दुसरा अन्याय गाळला तर मार्सडेनचीच चूक पुन्हा होईल: आपल्याला हवे तेवढेच रकाने.

२१/ १८४० च्या दशकात व्हॅन डायमेन्स लँडमध्ये पद्धत बदलली. १८४४ पासून नव्याने आलेल्या स्त्रियांना डर्वेंट नदीत नांगरलेल्या ‘ॲन्सन’ या जुन्या युद्धनौकेवर सहा महिने ठेवून घरकामाचे व शिस्तीचे शिक्षण दिले जाई आणि नंतर वेतनावर घरोघरी पाठवले जाई. अखेर मोल मिळू लागले. तेही नाममात्र, आणि मालक बदलण्याचे स्वातंत्र्य तेव्हाही नव्हतेच.

२२/ त्याआधीचे एक जहाज मात्र अजून आपल्याशी बोलते. एप्रिल १८४१ मध्ये वूलविचहून ‘राजा’ नावाचे जहाज सुमारे १८० स्त्री-कैद्यांना घेऊन निघाले. एलिझाबेथ फ्राय यांच्या सहकारी स्त्रियांनी प्रत्येकीला सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे दिले होते. तीन महिन्यांच्या प्रवासात त्या स्त्रियांपैकी काहीजणींनी मिळून एक मोठी गोधडी शिवली. एकूण २,८१५ तुकडे. मधोमध पक्षी आणि फुले, भोवती चौकटीमागून चौकटी.

जुलैमध्ये होबार्टला उतरल्यावर ती गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रँकलिन यांना अर्पण झाली. पुढे ती ब्रिटनला गेली, विस्मृतीत पडली आणि १९८९ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

२३/ गोधडीच्या कडेला बारीक टाक्यांत एक मजकूर भरलेला आहे. इंग्लंडातल्या उपकारकर्त्या स्त्रियांविषयी कृतज्ञता, उद्योगी राहण्याच्या त्यांच्या उपदेशाचा उल्लेख, जून १८४१ ही तारीख. ही गोधडी ‘राजा’ जहाजावरच्या कैद्यांनी केली, एवढेच शिवणाऱ्यांविषयी. नाव एकीचेही नाही.

नावे आहेत ती होबार्टच्या कारकुनाच्या वहीत: उंची, डोळ्यांचा रंग, गुन्हा, आणि पुढे मालकांच्या तक्रारींसाठी सोडलेली मोकळी जागा.